लेक सव्वाचार वर्षांची झाली, आता बूस्टर सीट द्यायची का?

मनीषनगरची_आई
४ ऑक्टोबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. लेक सव्वाचार वर्षांची आहे. आज सकाळीच मोजून घेतली. वजन १५.८ किलो, उंची १०४ सेंटिमीटर. सध्या ती हार्नेसच्या कार सीटमध्ये बसते. दोन पट्टे खांद्यावरून, दोन कमरेवरून, एक पायांच्या मधून, अशी पाच ठिकाणी धरणारी. सीटवर १८ किलोपर्यंत असं लिहिलं आहे.

दिवाळीत आम्ही समृद्धीने शिर्डीला आणि तिथून नाशिकला नणंदेकडे जाणार आहोत. नणंदेची मुलगी हिच्याहून चारच महिन्यांनी मोठी, पण ती वर्षभरापासून बूस्टरवर बसते, म्हणजे मुलाला उंच करून गाडीचाच पट्टा लावायची ती बैठक. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, खोक्यावर १५ किलोपासून असं स्पष्ट लिहिलंय. कशाला पोरीला त्या पट्ट्यांत बांधून ठेवता?" ते पाहून लेकीनेही धोशा लावला आहे की मलाही ताईसारखी मोठ्यांची खुर्ची पाहिजे. इकडे मी वाचते तर कुठे ४ वर्षं, कुठे १८ किलो, कुठे १०० सेंटिमीटर. तिन्ही आकडे तिला वेगवेगळं उत्तर देतात.

पाच-सहाशे किलोमीटरचा प्रवास आहे, तोही समृद्धीवर. म्हणून मनापासून विचारते आहे: बूस्टरची वेळ झाली हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

---

वर्धारोड
४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

ताई, घाई करू नका. मी केली होती.

मुलगा ४ वर्षांचा, १६ किलोचा होता तेव्हा पाठ नसलेला बूस्टर घेतला. नुसती बसायची गादी असते ती, उचलायला हलकी, मलाही सोयीची वाटली. नागपुरात आठ-पंधरा दिवस छान चाललं. मग अमरावतीला निघालो. बाजारगाव गेलं तोवर गप्पा चालू होत्या, कोंढाळीला पोरगं झोपलं. झोपलं म्हणजे दाराकडे पूर्ण कलंडलं. खांद्याचा पट्टा गळ्यावर आला आणि कमरेचा पट्टा मांडीवरून सरकून पोटावर चढला. बायको मागेच बसली होती. तिने दोनदा सरळ केलं, दोनदा तो परत कलंडला.

कोंढाळी आणि कारंजा घाडगेच्या मध्ये रस्त्यावर गाय आली. मी जोरात ब्रेक मारला. धडक झाली नाही, गाडीला ओरखडाही नाही. पण मुलाच्या पोटावर बेंबीच्या वरून आडवा लाल वळ उठला होता. नुसत्या ब्रेकने. डॉक्टरांना दाखवलं, आत काही इजा नव्हती. तो वळ दोन दिवस राहिला, आणि आंघोळ घालताना रोज माझ्या डोळ्यांसमोर येत होता.

दुसऱ्या आठवड्यात माळ्यावरची हार्नेसची सीट खाली काढली. त्यात तो अजून बसत होता. मी ती विनाकारणच बाद केली होती.

---

जुळ्यांची_आई
४ ऑक्टोबर, रात्री ११:१८

बाप रे दादा, वाचूनच पोटात गोळा आला. मुलगा सुखरूप आहे हे चांगलं झालं.

माझी दोघं एकाच दिवशी जन्मलेली, पण बूस्टरवर आली सहा महिन्यांच्या अंतराने. मुलगी एकदा बसली की उतरेपर्यंत बसून राहायची. मुलगा दर पाच मिनिटांनी खांद्याचा पट्टा काखेखाली घ्यायचा. वय एक, वजन जवळपास एक, उंची एक. तयारी मात्र एक नव्हती.

---

फिजिओ_धंतोली
५ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून हाडांच्या बाजूने सांगते. ते एकदा कळलं की तीन आकड्यांचा गोंधळ बराच कमी होतो.

आपल्या कमरेच्या पुढच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, हाताला एकेक हाडाचं टोक लागतं. आत्ता बसल्या जागी चाचपून पाहा. मोठ्या माणसाच्या सीटबेल्टचा खालचा पट्टा या दोन टोकांच्या खाली अडकतो. धक्का बसला की सगळा जोर या हाडांवर येतो, आणि ही हाडं तो सहन करतात. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या कमरेला चाचपून पाहिलंत तर ही टोकं जवळजवळ जाणवतच नाहीत. ती गोलसर असतात आणि नीट उठून यायला साधारण दहावं वर्ष उजाडतं. तोवर पट्ट्याला अडकायला काही नसतं. तो वर सरकतो, पोटावर जातो, आणि पोटात आतडी, यकृत, मागे मणका. वर्धारोड दादांनी जो वळ पाहिला तो याचाच.

आता बूस्टर काय करतो ते पाहा. तो स्वतः मुलाला धरून ठेवत नाही. जेवताना लहान मुलाला पाट दिला की त्याचा हात ताटापर्यंत पोचतो, तसंच हे काम आहे. मूल वर उचललं गेलं की खालचा पट्टा पोटावरून मांडीच्या मुळाशी येतो, वरचा गळ्यावरून खांद्याच्या मध्यावर येतो. धरून ठेवणारा मात्र गाडीचाच पट्टा. हार्नेसची गोष्ट वेगळी. त्यात दोन्ही खांदे, दोन्ही बाजूंची कंबर आणि मांड्यांच्या मधला भाग अशा पाच जागी पकड असते. मूल झोपलं, कलंडलं, रुसून वाकडं बसलं तरी पट्टा जागचा हलत नाही.

म्हणून हार्नेसमधून बूस्टरवर जाणं म्हणजे थोडी सुरक्षा सोडून देणं आहे. जेव्हा हार्नेस खरोखर पुरेनासा होतो तेव्हाच ती सोडावी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं असंच आहे: पुढे तोंड करून बसायच्या हार्नेसच्या सीटमध्ये, त्या सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत बसवा.

---

लीड्स_ते_नागपूर
५ ऑक्टोबर, दुपारी २:१०

मूळची प्रतापनगरची, आता इंग्लंडमध्ये. आकड्यांचा गोंधळ कुठून येतो ते सांगते.

खोक्यावरचं "१५ ते ३६ किलो" हे युरोपच्या जुन्या नियमातून, आर४४ मधून आलेलं आहे. त्यात सीटचे गट वजनावर पाडले होते. ९ ते १८ किलो हा हार्नेसचा गट, १५ ते २५ आणि २२ ते ३६ हे बूस्टरचे. नीट पाहिलंत तर १५ ते १८ किलो हा टप्पा दोन्ही गटांत येतो. तुमची लेक नेमकी त्या टप्प्यात आहे, ताई. म्हणून नणंदबाईंचं वाचन चूक नाही, पण त्यावरून हार्नेसची मुदत संपली असंही होत नाही.

१०० सेंटिमीटर हा आकडा नव्या नियमातला, आर१२९ मधला. तो उंचीवर चालतो. त्यात पाठ असलेला बूस्टर १०० सेंटिमीटरपासून देता येतो आणि बिनपाठीचा १२५ पासून. आमच्याकडे २०१७ पासून बिनपाठीच्या नव्या मॉडेलना १२५ सेंटिमीटर आणि २२ किलोच्या खालच्या मुलांसाठी मान्यता मिळत नाही. आणि ४ वर्षं, १८ किलो हे अमेरिकेतून येतं. तिथे १८ किलो म्हणजे ४० पौंड.

एक गोष्ट आपल्याकडच्या आयांनी जरूर लक्षात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ४ वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १६ किलोच्या आसपास आहे, आणि १८ किलो येतात ते ५ वर्षांच्या सुमाराला. आपल्याकडची कितीतरी निरोगी मुलं त्याहूनही हलकी असतात. म्हणजे "४ वर्षं आणि १८ किलो" यात बहुतेक घरांत ४ वर्षं आधी पूर्ण होणार आणि १८ किलोची वाट पाहावी लागणार. पाहा ती वाट. काही बिघडत नाही.

---

आजोबा_लक्ष्मीनगर
५ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

मी ७१ वर्षांचा आहे. हा धागा मुलाने वाचायला दिला. प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नये.

आमची दोन्ही मुलं पद्मिनीच्या मागच्या सीटवर उभी राहून मोठी झाली. आता अडीच वर्षांचा नातू आहे, १२ किलोचा. गाडीत तो माझ्याच मांडीवर बसतो. मी दोन्ही हातांनी धरतो. अजून २५ किलोचं तांदळाचं पोतं मी एकटा उचलतो. मग १२ किलोचं पोर मला धरवणार नाही असं का सगळे म्हणून राहिले?

---

वर्धारोड
५ ऑक्टोबर, रात्री ९:१५

काका, विचारलंत हे चांगलं केलंत. हिशोब करून दाखवतो, तुम्हीही कागदावर करून पाहा.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. गाडी कशावर आदळली तर सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. १४ चा वेग दहाव्या भागात शून्यावर आणायचा म्हणजे सेकंदाला १४० मीटरच्या दराने आवरणं. पृथ्वी आपल्याला खाली ओढते ते १० च्या दराने. म्हणजे चौदापट. १२ किलोचा नातू त्या क्षणी १६८ किलोच्या ओढीने हातातून निसटू पाहतो. तुम्ही काय, मी काय, कुठलाच पहिलवान ते धरू शकत नाही. तुमच्या हातातल्या ताकदीचा यात दोष नाही.

आणि हा वेग वर्धा रोडवरचा आहे. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे. वेग अडीचपटीच्या आत असला तरी धक्क्यातली ऊर्जा वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेसहापट.

एकाच पट्ट्यात स्वतःबरोबर नातवालाही घेत असाल तर तेही कृपा करून थांबवा. धक्क्यात तुमचं सगळं वजन पट्ट्याच्या आतून त्याच्यावर येतं.

---

आजोबा_लक्ष्मीनगर
५ ऑक्टोबर, रात्री १०:०२

हिशोब करून पाहिला. बरोबर आहे. मांडीचं उद्यापासून बंद.

---

वकील_सिव्हिललाइन्स
६ ऑक्टोबर, सकाळी ११:००

कायद्याचा भाग थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आलं. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्टने किंवा मुलांच्या सीटने सुरक्षित केलेलं नसेल तर १,००० रुपये दंड. मूल चालवणाऱ्याच्या जबाबदारीवर आहे, मग ते पुढे बसलेलं असो की मागे. मुलांच्या सीटसाठी आपल्याकडे एआयएस-०७२ हे मानक आहे, घेताना त्याची किंवा युरोपच्या मान्यतेची खूण सीटवरच्या लेबलवर पाहा.

पण कलमात हार्नेस कधी, बूस्टर कधी, असं काही सांगितलेलं नाही. ते आईबापांनाच ठरवायचं आहे. त्यामुळे पोलिसांनी अडवलं नाही यावरून मूल नीट बसलं आहे असं धरू नये.

दुचाकीवर लहान मुलं नेणाऱ्यांसाठीही एक. २०२२ मध्ये नियम निघाला आणि फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा हार्नेस हवा, डोक्यावर हेल्मेट हवं आणि वेग ४० च्या वर नको. स्कूटरवर पुढे पायाजवळ उभं केलेलं पोर मी रोज कोर्टात जाताना शंकरनगर चौकात पाहतो, आणि दर वेळी जीव वर-खाली होतो.

---

गॅरेजवाला_भाऊ
६ ऑक्टोबर, रात्री ९:५०

राम राम. माझं ॲक्सेसरीचं दुकान आहे. सीटा बसवून देतो, म्हणून जे रोज दिसते ते सांगतो. ताई, बूस्टर घ्यायच्या आधी तुमच्या गाडीकडं पाहा. पोरगी तयार असली तरी गाडी तयार आहे का, हे कोणी पाहतच नाही.

पहिलं. बूस्टरला तीन ठिकाणचा पट्टा पाहिजेच. खांद्यावरून जाणारा आणि कमरेचा, दोन्ही. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागं मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असते. तिथं बूस्टर ठेवायचाच नाही. म्हणजे खिडकीजवळची जागा.

दुसरं. लहान गाड्यांत मागच्या सीटचं हेडरेस्ट सीटलाच जोडलेलं असते, बुटकं असते, वर होत नाही. बिनपाठीच्या बूस्टरवर पोरगं उंच बसलं की त्याचं डोकं सीटच्या वर निघते. मागून कोणी ठोकलं तर मान धरायला काहीच नाही. अशा गाडीत पाठवाला बूस्टरच घ्या. आणि पाठवाल्याला बाजूला कान असतात, तिथं झोपलेलं डोकं टेकते.

तिसरं. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, भाऊ, आयसोफिक्सवाला (गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांत अडकणारा) बूस्टर द्या, म्हणजे पोरगी पक्की बांधल्या जाईल. तसं नाही होत जी. बूस्टरमधलं आयसोफिक्स फक्त बूस्टरले धरून ठेवते. पोरीले धरते तो गाडीचा पट्टाच. बूस्टर सरकत नाही, रिकामा असला तरी ब्रेकमध्ये उडत नाही, एवढा फायदा नक्की आहे. साधा बूस्टर असला तर पोरगं सोबत नसतानाही त्याले पट्टा लावून ठेवा. नाहीतर ब्रेकमध्ये तोच येऊन डोक्यात बसते.

चौथं, आणि हे मी हात जोडून सांगतो. कोणाची जुनी सीट घेऊ नका, जोवर ती कधी ॲक्सिडेंटमध्ये नव्हती हे तुम्हाला पक्कं माहीत नाही. आतलं प्लास्टिक तडकलेलं वरून दिसत नाही.

आता ताई, तुमच्या हार्नेसच्या सीटचं. पोरीला बसवा आणि बाजूनं पाहा. सीटच्या पाठीत पट्टे बाहेर यायच्या खाचा असतात, खांदे त्यातल्या सर्वांत वरच्या खाचेच्या वर गेले का? कान सीटच्या वरच्या काठाला लागले का? वजन १८ झालं का? यातलं एकही झालं असेल तर सीट संपली. एकही नसेल तर सीट अजून तिचीच आहे.

---

मनीषनगरची_आई
७ ऑक्टोबर, रात्री १०:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊंनी सांगितलं तसं आज संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळं करून पाहिलं. नवऱ्याने मोबाइलचा दिवा धरला.

खांदे सर्वांत वरच्या खाचेपासून दोन बोटं खाली आहेत. कान काठापासून जवळपास चार बोटं खाली. वजनाला सव्वादोन किलो जागा. म्हणजे सीट तिन्ही बाजूंनी पुरते आहे. मी पट्टे मात्र खालच्याच खाचेत ठेवले होते, गेल्या वर्षापासून बदललेच नव्हते. ती खाच तिच्या खांद्याच्या बरीच खाली गेली होती, म्हणून ती "टोचतं, टोचतं" म्हणायची. मी समजत होते की सीट लहान झाली. पट्टे वरच्या खाचेत घेतले आणि तक्रार बंद.

मग बूस्टरचीही परीक्षा करून पाहिली. शेजारच्यांकडून पाठवाला बूस्टर मागून आणला आणि उभ्या गाडीत तिला त्यावर बसवलं. पट्टा लावल्यावर खांद्याच्या मध्यावरून नीट गेला, मांडीवरही खाली बसला. बघायला अगदी छान. मी घड्याळ लावलं आणि तिला गोष्ट सांगायला लागले. सहाव्या मिनिटाला ती खिडकीतून मांजर बघायला पुढे वाकली आणि पट्टा तिच्याबरोबर लांब झाला. नवव्या मिनिटाला तिने पाय वर घेऊन मांडी घातली, तशी कंबर पुढे सरकली आणि खालचा पट्टा पोटावर आला. तिचं काही चुकलं नाही, चार वर्षांचं मूल असंच बसतं. पण समृद्धीवर तासन्‌तास तिला असं बसवायचं नाही, हे मला त्या नऊ मिनिटांत कळलं.

दिवाळीला हार्नेसच.

---

जुळ्यांची_आई
७ ऑक्टोबर, रात्री ११:१०

योग्य केलंत. लेकीला समजावताना "तू अजून लहान आहेस" असं मात्र म्हणू नका. माझ्या मुलाला मी ते म्हटलं आणि महिनाभर सीटशी वैर झालं. मग आम्ही घरातल्या दारावर पेन्सिलने खूण केली: खांदे या खुणेला आले की नवी सीट. मग तो वाट पाहू लागला, भांडायचा थांबला.

---

फिजिओ_धंतोली
८ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

खूण फार छान कल्पना आहे.

थंडीचं एक सांगून ठेवते, दिवाळीनंतर लागेलच. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मुलांना फुगीर जॅकेट घालून गाडीत बसवलं जातं. पट्टा जॅकेटवर घट्ट दिसतो, पण धक्क्यात जॅकेट दबतं आणि आत बोटभर, दोन बोटं मोकळी जागा होते. एकदा असं करून पाहा: जॅकेट घालून पट्टा घट्ट करा, मग पट्टा तसाच ठेवून जॅकेट काढा आणि मूल परत बसवा. किती ढिला आहे ते दिसेल. पातळ स्वेटर घालावा, पट्टा लावावा, वरून शाल किंवा छोटी दुलई पांघरावी.

---

गॅरेजवाला_भाऊ
८ ऑक्टोबर, दुपारी १:३०

आणि उन्हाळ्याचं मी सांगतो. मे महिन्यात ४५ च्या उन्हात गाडी उभी राहिली की हार्नेसचं लोखंडी बकल इतकं तापते की हात लावता येत नाही. पोरांच्या मांडीची कातडी नाजूक. उतरताना सीटवर पांढरा पंचा किंवा जुनी सुती चादर टाकून जा. परत बसवायच्या आधी बकलला स्वतःचा हात लावून पाहा. सीटवर जाड गादी, उशी, विकतचं मऊ कव्हर टाकू नका, जोवर ते त्याच कंपनीचं त्याच सीटचं नाही. पट्टा ढिला पडते.

---

मनीषनगरची_आई
२७ ऑक्टोबर, रात्री ९:२०

सुखरूप परत आलो. पहाटे साडेपाचला निघालो होतो. कारंज्याच्या आधी लेक झोपली ती थेट मेहकर ओलांडल्यावर उठली. मी मागे तिच्या शेजारी बसले होते आणि सारखी पट्ट्यांकडे पाहत होते. डोकं एकीकडे कललं, तोंड उघडं पडलं, पण खांदे आणि कंबर जिथे होते तिथेच. जालन्याच्या अलीकडे एक ट्रक अचानक मधल्या लेनमध्ये आला, नवऱ्याने ब्रेक मारला. ती जागी होती. "आई, मला सीटने पकडलं," एवढंच म्हणाली.

नणंदेला हा धागा वाचायला दिला. तिने स्वतःच्या मुलीचे खांदे बघितले, तीही अजून हार्नेसमध्ये मावते आहे. त्यांची जुनी सीट कपाटावर होती, ती दोघींनी मिळून पुसून काढली.

---

लीड्स_ते_नागपूर
२७ ऑक्टोबर, रात्री ११:५५

वाचून फार बरं वाटलं. नणंदबाईंना माझा नमस्कार.

पुढच्या टप्प्यासाठी आताच लिहून ठेवते, तेव्हा शोधावं लागणार नाही. बूस्टर कधी सोडायचा हेही वयावर ठरवू नका. पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना गुडघे सीटच्या काठावर वाकतात का, खांद्याचा पट्टा मान आणि दंडाच्या मधोमध बसतो का, खालचा पट्टा मांडीच्या मुळाशी राहतो का, आणि पूर्ण प्रवासभर मूल तसंच बसू शकतं का. हे सगळं साधारण १४५ सेंटिमीटरला जमतं, म्हणजे ८ ते १२ वर्षांच्या मध्ये केव्हातरी. प्रत्येक गाडीची सीट वेगळी, त्यामुळे तुमच्या गाडीत जमलं आणि मामाच्या गाडीत नाही जमलं असंही होईल. आणि १३ वर्षांपर्यंत मागेच.

---

मनीषनगरची_आई
१९ जुलै, रात्री ८:४०

खूप दिवसांनी हा धागा वर आणते आहे. लेक गेल्या महिन्यात ५ वर्षांची झाली. वजन १८.१, उंची ११० सेंटिमीटर, आणि खांदे दारावरच्या पेन्सिलच्या खुणेला लागले. सीटमध्ये बसवून पाहिलं तर वरची खाचही खांद्यांच्या खाली गेली होती. म्हणजे या वेळी सीट खरोखर संपली.

पाठवाला बूस्टर घेतला. पण लगेच लांब नेलं नाही. पंधरवडाभर फक्त गावातच: शाळा, त्रिमूर्तीनगरला आजीकडे, एका रविवारी फुटाळ्याला. नियम एकच ठेवला, पाठ खुर्चीला. ती स्वतःच म्हणून दाखवते आता, "पाठ खुर्चीला, पट्टा खांद्याला." पुढे वाकलीच तर नवरा गाडी बाजूला घेऊन थांबवतो, ओरडत नाही, ती बसली की निघतो. पहिल्या आठवड्यात चार वेळा थांबावं लागलं, दुसऱ्यात एकदाही नाही.

काल रामटेकला गेलो होतो. मला तिच्या झोपेची परीक्षा पाहायची होती, म्हणून मुद्दाम दुपारी जेवून निघालो. मनसरच्या आधी झोपली. डोकं बाजूच्या कानावर टेकलं, खांद्याचा पट्टा खांद्यावरच राहिला. मी हळूच बोट घालून पाहिलं, खालचा पट्टा मांडीच्या मुळाशीच होता.

---

वर्धारोड
१९ जुलै, रात्री ९:०५

ताई, फोटो टाकल्यासारखं दिसलं. पोरीला माझ्याकडून शाबासकी.

---

आजोबा_लक्ष्मीनगर
२० जुलै, सकाळी ६:१०

अभिनंदन. आमच्याकडेही ऑक्टोबरपासून नातू सीटमध्येच बसतो. आता तो सव्वातीन वर्षांचा आहे, १४ किलो. आधी रडायचा, आता स्वतः चढतो आणि मला म्हणतो, आबा, टिक करा. ते बकल लावायचं काम माझ्याकडे आहे.

एक विचारायचं होतं. तो पुढे तोंड करून बसतो. त्याचे खांदे मधल्या खाचेच्या जरासे वर आले आहेत. पट्टे मधल्या खाचेतच ठेवू की वरच्या खाचेत घेऊ? आज दुपारी आम्हाला वर्ध्याला जायचं आहे.

---

गॅरेजवाला_भाऊ
२० जुलै, सकाळी ८:२५

काका, वरच्या खाचेत घ्या. पुढं तोंड असलं की पट्टा खांद्याच्या बरोबरीतून किंवा किंचित वरून आला पाहिजे, खालून नाही. खाच बदलली की पट्टा मागं कुठं पिळला तर नाही ते पाहा, ओढून घट्ट करा, आणि खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट घेऊन पाहा. चिमटीत पट्टा आला तर अजून ढिला आहे. जमलं नाही तर वर्ध्याला निघताना दुकानावर या, दहा मिनिटांत करून देतो.